फिरत्या घरातून कोकणचा किनारा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील माणसाला खारे पाणी नवे नाही. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरी आहेत, विहिरींना पाणीही आहे. परंतु ते पिण्यास किंवा पिकास सर्वत्र उपयोगी पडत नाही. नांदुरा तालुक्यातील पूर्णाकाठच्या गावांनी गोड्या पाण्याचे मोल पिढ्यान्‌पिढ्या जाणले आहे. असे असले तरी खऱ्या अर्थाने खारे पाणी, म्हणजे समुद्र, या परिसरापासून फार दूर आहे. मध्य रेल्वेच्या भुसावळ-बडनेरा मार्गावरील नांदुरा स्थानकापासून मुंबई पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. त्यामुळे शेती, नोकरी आणि मुलांची शिक्षणे यांतून मोकळ्या झालेल्या अनेक दांपत्यांच्या मनात समुद्र पाहण्याची इच्छा वर्षानुवर्षे राहून गेलेली असते.

ही इच्छा पुरी करण्याचा एक नवा मार्ग आता उपलब्ध झाला आहे. तो म्हणजे कॅराव्हॅन, अर्थात फिरते घर. निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतेची सोय ज्यात आहे, असे वाहन घेऊन पती-पत्नी किनाऱ्याने सावकाश प्रवास करू शकतात. मात्र या प्रवासाचे काही नियम आहेत. ते समजून न घेता निघालेल्या प्रवाशाला किनारा जितका सुखद, तितकाच धोक्याचाही ठरू शकतो. विशेषतः समुद्राशी ज्यांचा नित्याचा परिचय नाही, अशा देशावरील व वऱ्हाडातील प्रवाशांनी या गोष्टींची माहिती आधीच करून घेणे अगत्याचे आहे. त्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

तांड्यापासून कॅराव्हॅनपर्यंत

कॅराव्हॅन हा शब्द मूळ फारसी ‘कारवान’ या शब्दावरून युरोपीय भाषांत गेला व तेथून नव्या अर्थाने आपल्याकडे परत आला. पूर्वी त्याचा अर्थ एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा समूह असा होता. आपल्याकडे त्याला तांडा म्हणत. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत असत. आगगाडी येण्यापूर्वी किनाऱ्यावरचे मीठ अंतर्भागात पोचविण्याचे मोठे काम त्यांनी केले. म्हणजे घर बरोबर घेऊन समुद्राकडे जाण्याची कल्पना वऱ्हाडच्या भूमीला अगदीच अपरिचित नाही.

आजच्या कॅराव्हॅनचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मोटार आणि घर एकाच सांगाड्यावर असतात. दुसऱ्या प्रकारात चाकांवरचे घर वेगळे असून ते मोटारीच्या मागे जोडून ओढले जाते. कोकणातील अरुंद व वळणांच्या रस्त्यांवर दोघांच्या प्रवासासाठी पहिला प्रकार अधिक सोयीचा आहे. आपल्या देशातील वाहनविषयक मानकांनुसार मोटार कॅराव्हॅन म्हणवून घेण्यासाठी वाहनात किमान चार सोयी असाव्या लागतात : आसने व मेज, निजण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची कपाटे. मेज काढता येण्याजोगे चालते. बाकीच्या वस्तू वाहनाला पक्क्या जोडलेल्या असाव्या लागतात. एखाद्या साध्या गाडीत गादी व शेगडी ठेवली म्हणजे ती कॅराव्हॅन होत नाही. भाड्याने वाहन घेताना नोंदणीपत्रात त्याचा प्रकार कोणता नोंदविला आहे, विमा आणि परवाना चालू आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

राज्याचे धोरण

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. पर्यटनस्थळे अनेक आहेत, परंतु प्रत्येक ठिकाणी पक्की निवासस्थाने बांधणे शक्य नसते. काही ठिकाणी तर कायमच्या बांधकामास परवानगीच नसते. अशा जागी वाहनातच निवासाची सोय झाली तर निसर्गाला कमीत कमी धक्का लावून पर्यटन वाढविता येईल, हा या धोरणामागील विचार आहे. त्यात दोन घटकांचा समावेश करण्यात आला आहे : एक, प्रत्यक्ष कॅराव्हॅन वाहने आणि दुसरा, ती उभी करण्यासाठी विकसित केलेली कॅराव्हॅन उद्याने. उद्यानात वाहनतळ, रस्ते, पाणी, वीजजोडणी आणि स्वच्छतेच्या सोयी अपेक्षित आहेत. अशी उद्याने खासगी जागेवर किंवा पर्यटन महामंडळाच्या मोकळ्या जागेवर उभारता येतात. व्यावसायिकांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे.

किनाऱ्यावर या धोरणाचे महत्त्व विशेष आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली व २०१९ साली नवी अधिसूचना आली. भरतीरेषेलगतच्या बांधकामावर या नियमांनी बंधने आहेत. चाकांवरचे घर हे बांधकाम नसल्यामुळे ते किनाऱ्याजवळ येऊन पुन्हा निघून जाऊ शकते. परंतु याचा अर्थ ते कोठेही उभे करावे असा नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी प्रत्येक रात्रीचा मुक्काम निश्चित असणे, ही या पर्यटनाची पहिली अट होय.

निघण्याचा हंगाम

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यातील रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात. किनाऱ्यावर असे टोकाचे फरक आढळत नाहीत. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे समुद्रालगतची हवा बाराही महिने उबदार पण सम राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास सर्वोत्तम आहे. एप्रिल-मेमध्ये तापमान वऱ्हाडपेक्षा कमी असले तरी हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि बंद वाहनात जीव गुदमरतो. पावसाळ्यात तर हा बेत करूच नये. समुद्र खवळलेला असतो, किल्ल्यांकडे जाणाऱ्या नौका बंद असतात आणि घाटांत दरडी कोसळण्याचा धोका असतो.

किनाऱ्यावरील वाऱ्याचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिवसा जमीन तापून वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. त्याला खारे वारे म्हणतात. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. ते मतलई वारे होत. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे. म्हणून दुपारी पश्चिमेकडील व रात्री पूर्वेकडील खिडकी उघडी राहील अशा रीतीने वाहन उभे केले, तर वातानुकूलन यंत्राची गरज बरीच कमी होते.

नांदुऱ्याहून किनाऱ्यापर्यंत

नांदुरा हे सुरत-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील गाव आहे. महामार्गालगतच्या १०५ फूट उंचीच्या हनुमान मूर्तीमुळे ते दूरदूरच्या प्रवाशांना ठाऊक आहे. येथून मलकापूर, मुक्ताईनगर, भुसावळ, जळगाव व धुळे या मार्गाने जाऊन पुढे मालेगाव, नाशिक आणि कसारा घाटातून पनवेलकडे उतरता येते. दुसरा मार्ग खामगाव व मेहकर येथून समृद्धी महामार्गाला मिळतो. ७०१ किलोमीटर लांबीचा हा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. कॅराव्हॅन हे उंच व जड वाहन असल्याने अशा रुंद रस्त्यावरही वेगाचा मोह टाळावा. आडव्या वाऱ्याचा रेटा अशा वाहनाला अधिक जाणवतो आणि थांबण्यासही त्याला अधिक अंतर लागते.

ज्येष्ठ दांपत्यासाठी तिसरा पर्याय अधिक श्रेयस्कर आहे. नांदुऱ्याहून मुंबई भागापर्यंत रेल्वेने जावे आणि कॅराव्हॅन तेथून पुढे घ्यावी. त्यामुळे दोन दिवसांचा थकवा आणि भाडे वाचते. वाहन चालकासह घेतल्यास चालकाच्या झोपण्याची व जेवणाची व्यवस्था आधीच ठरवावी. दिवसभर घाटरस्ते चालविलेल्या माणसाला रात्री आसनावर अवघडून झोपावे लागले, तर दुसऱ्या दिवशी तिघांचेही प्राण धोक्यात येतात.

किनाऱ्याचा मार्ग

महाराष्ट्राच्या किनारपट्टीची लांबी सुमारे ७२० किलोमीटर सांगितली जाते. अलिबागपासून दक्षिणेकडे निघाल्यास रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून हा प्रवास होतो. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून बराच आत आहे. समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता वेगळा असून, तो मधूनमधून खाड्यांनी तुटलेला आहे. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी मोठ्या खाड्यांवरील पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत. त्यांपैकी ज्या खाडीवर पूल झालेला नसेल, तेथे वाहने वाहून नेणाऱ्या फेरीबोटीचा आधार घ्यावा लागतो.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना फेरीचे चार टप्पे ध्यानात ठेवावेत. मुरूड-जंजिऱ्याजवळील आगरदांडा येथून दिघी गाठावे व तेथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा पट्टा पाहावा. पुढे बागमांडले येथून बाणकोटच्या खाडीपलीकडे वेशवीस उतरले की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै आणि दापोलीचे मुरूड पाहून दाभोळ येथून धोपाव्यास जावे. मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळहून जयगडला उतरावे. कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड आणि गणपतीपुळे येथून जवळ आहेत. रत्नागिरीनंतर पावस, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले आणि शिरोडा असा क्रम लागतो.

नकाशावर ही अंतरे लहान दिसतात. प्रत्यक्षात रस्ता कधी डोंगर चढतो, कधी खाडीकाठी उतरतो आणि गावातून जाताना जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमध्ये जेमतेम एक वाहन मावते. माडांच्या झावळ्या आणि विजेच्या तारा उंच वाहनाला अडतात. म्हणून दिवसाला साठ ते ऐंशी किलोमीटरांपेक्षा जास्त अंतर धरू नये आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोचावे. एकाच खेपेत सारा किनारा पाहण्याचा हट्टही नसावा. आठ दिवसांत अलिबाग ते रत्नागिरी इतका प्रवास दोघांना पुरेसा आनंद देतो. उरलेला भाग पुढील वर्षासाठी राखून ठेवावा.

फेरीवर वाहन चढविण्यापूर्वी गॅसच्या टाकीची झडप बंद करावी. वाहनाची लांबी, उंची व वजन तेथील कर्मचाऱ्यांना आधी सांगावे. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार अधिक तीव्र झालेला असतो आणि ज्याचा मागील भाग लांब आहे असे वाहन खाली घासू शकते. अशा वेळी तासभर थांबून पाणी चढू देणे शहाणपणाचे ठरते.

समुद्राचे घड्याळ

नदीला पूर येतो, तो वर्षातून काही दिवस. समुद्राचे पाणी मात्र दररोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. पूर्णाकाठच्या माणसाला हीच गोष्ट सर्वांत अपरिचित असते. सकाळी जी वाळू कोरडी व कठीण दिसली, तीच दुपारी पाण्याखाली जाते. वाळूवर गाडी नेऊन छायाचित्र काढावे आणि चाके रुतून बसावीत, मग भरतीचे पाणी इंजिनात शिरावे, असे प्रसंग किनाऱ्यावर वारंवार घडतात.

भरतीची वेळ ओळखण्याचा एक सोपा आडाखा किनाऱ्यावरील लोक वापरतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला ही वेळ सहाच्या आसपास येते. पौर्णिमा व अमावास्येला ती मध्यान्ह आणि मध्यरात्रीच्या जवळ असते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. घरातील भिंतीवरची दिनदर्शिका नांदुऱ्यात असो वा नाशकात, हा हिशेब तिच्यावरून करता येतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. हे या आडाख्याचे कारण आहे. तथापि हा केवळ अंदाज आहे. पाण्यात किंवा खडकावर जाण्यापूर्वी त्या दिवसाची नेमकी वेळ गावातील मच्छीमारांस विचारावी.

पाणी किती चढेल व किती उतरेल, हे चंद्र आणि सूर्य यांच्या स्थितीवर अवलंबून असते. अमावास्या व पौर्णिमेला दोघांचे आकर्षण एका रेषेत येते. तेव्हा भरती मोठी होते आणि ओहोटीही खोल जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते, परंतु ओहोटीही पुरती होत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते, हे ऐकून कोणी अष्टमीला दुपारी तेथे गेला, तर वाटेत पाणी उरलेले आढळणे शक्य आहे. जाताना परतीची वेळही मोजावी. भरती सुरू झाल्यावर किल्ल्यात रेंगाळू नये.

हरिहरेश्वरचा डोंगरालगतचा प्रदक्षिणामार्ग आणि हेदवीची बामणघळ ही अशीच दोन ठिकाणे आहेत. भरतीच्या लाटा खडकांच्या फटींत शिरून अकस्मात उंच उसळतात. ओला शेवाळलेला खडक, पायात चपला आणि हातात भ्रमणध्वनी, ही स्थिती जीवघेणी ठरते. पाण्यात उतरतानाही कमरेच्या वर जाऊ नये. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. काही ठिकाणी परतणारे पाणी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जाते. त्या पट्ट्यात सापडलेल्या माणसाने किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड केल्यास तो दमून जातो. त्याने किनाऱ्याला समांतर सरकून प्रवाहाबाहेर पडावे. विहिरीत किंवा नदीत उत्तम पोहणाऱ्यालाही हा नियम लागू आहे. किंबहुना त्यालाच तो अधिक सांगावा लागतो. गावातील कोणी ‘काका, आज उधाण आहे, खाली उतरू नका’ असे म्हणाले, तर तो शब्द मानावा. जोडीदार पाण्यात असताना दुसऱ्याने कोरड्या जागी थांबून लक्ष ठेवावे. संकटकाळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक दोघांनाही पाठ असावेत.

शंभर लिटर पाण्याचा संसार

फिरत्या घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे गोडे पाणी. समजा, टाकी शंभर लिटरची आहे. पिणे व स्वयंपाक यांसाठी दिवसाला दहा लिटर, भांड्यांसाठी दहा, हातपाय-तोंड धुण्यास दहा, दोघांच्या काटकसरीच्या आंघोळीस सोळा आणि शौचकूपासाठी चार, असा हिशेब धरला तर दिवसाला पन्नास लिटर लागतात. म्हणजे टाकी दोन दिवसांत रिकामी होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; ते ना पिण्याच्या उपयोगाचे, ना वाहन धुण्याच्या.

कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा तेथे पाणी विपुल असणार, असा वऱ्हाडातील प्रवाशाचा समज असतो. परंतु उताराची जमीन आणि सच्छिद्र जांभा खडक यांमुळे ते पाणी टिकत नाही आणि एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टंचाई भोगावी लागते. खारपाणपट्ट्यातील गृहिणीला हे दुःख समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून गावच्या सार्वजनिक विहिरीवर न विचारता नळी लावू नये. मुक्कामाच्या ठिकाणी योग्य ते मूल्य देऊन टाकी भरावी.

जितके पाणी टाकीत भरले, तितके सांडपाणी होऊन निघते, हेही विसरता कामा नये. भांड्यांचे पाणी व मैला यांच्या टाक्या वेगळ्या असतात. त्या किनाऱ्यावर, ओढ्यात अथवा नारळी-पोफळीच्या बागेत मोकळ्या करणे हा अक्षम्य अपराध होय. योग्य सोय असलेल्या मुक्कामीच त्या रिकाम्या कराव्यात. तशी सोय कोठे आहे, हे आरक्षण करतानाच विचारावे. वाहन परत करण्यापूर्वी त्याचा तळभाग गोड्या पाण्याने धुवावा, कारण खारी हवा लोखंडाला फार लवकर गंज आणते.

विजेचाही असाच जमाखर्च मांडता येतो. बारा व्होल्ट व शंभर अँपिअर-तास क्षमतेच्या विद्युतघटात १,२०० वॅट-तास ऊर्जा साठते. साध्या शिसे-आम्ल प्रकारच्या घटातील निम्मीच वापरणे त्याच्या आयुष्याच्या दृष्टीने बरे. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालविल्यास २०० वॅट-तास लागतात. दिवे आणि भ्रमणध्वनी मिळून आणखी शंभर धरावेत. वातानुकूलन यंत्र हजार वॅटचे असेल, तर उरलेली ऊर्जा ते अर्ध्या तासाच्या आत संपवील. म्हणून बाहेरची वीजजोडणी असेल तेथेच ते लावावे. केवळ गारव्यासाठी इंजिन रात्रभर चालू ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. त्याचा विषारी धूर झोपेत कळत नाही. गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी असावी आणि शेगडी ऊब मिळविण्यासाठी कधीही वापरू नये.

पाहुणा आणि यजमान

१९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली अशा किनाऱ्यावरील ठिकाणी निवासस्थाने आहेत. शिवाय निवास व न्याहारी योजनेतील अनेक घरे गावोगावी आहेत. कॅराव्हॅन उद्यान जवळ नसेल, तेथे अशा निवासस्थानांच्या आवारात पूर्वपरवानगीने वाहन उभे करण्याची विचारणा करावी. घरमालकाचे अंगण, पाणी आणि शौचालय वापरले तर त्याचा मोबदला द्यावा. फिरते घर बरोबर आहे म्हणून गावात एक रुपयाही न खर्चणारा प्रवासी गावाला केवळ गर्दी देऊन जातो.

या संदर्भात गृहिणीचाही विचार व्हावा. घरी चूल आणि सहलीतही चूल, असे झाले तर तिच्यासाठी प्रवास कसला? सकाळचा चहा व न्याहारी वाहनात करावी आणि दुपारचे जेवण गावातील खानावळीत किंवा घरगुती भोजनगृहात घ्यावे. सोलकढी, उकडीचे मोदक, आंबोळी, ताज्या माशांचे कालवण किंवा शाकाहारी प्रवाशांसाठी फणसाची भाजी, हे पदार्थ ज्यांच्या हातचे आहेत त्यांच्याच घरी खावेत. त्यामुळे दोघांनाही विश्रांती मिळते आणि गावातील महिलांच्या हाती चार पैसे पडतात.

किनाऱ्याला आणखी एक यजमान आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. मंडणगड तालुक्यातील वेळास आणि दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे ग्रामस्थांच्या सहभागाने त्या घरट्यांचे संरक्षण केले जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धाव घेतात. क्षितिजावरील उजेड हीच त्यांची दिशा असते. वाहनाचे प्रखर दिवे त्यांना भलत्याच दिशेला नेतात आणि वाळूवरून गेलेले चाक घरटे चिरडून टाकते. म्हणून वाहन डांबरी रस्त्यावरच ठेवावे आणि समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री मालवावेत.

खाऱ्या पाण्याचे नाते

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाजवळ, वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव आहे. येथील मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला व महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून सत्याग्रही तेथे आले. त्याच वर्षी वऱ्हाडातही हा लढा लढला गेला. समुद्र नाही म्हणून वऱ्हाड मागे राहिले नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. शेकडो किलोमीटर अंतरावरील या दोन गावांना खाऱ्या पाण्याने असे एकत्र आणले होते. नांदुऱ्याहून निघालेल्या दांपत्याने शिरोड्याच्या किनाऱ्यावर उभे राहून याचे स्मरण अवश्य करावे.

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून परतीची वाट धरताना टाकीतील पाणी संपत आलेले असते, कपड्यांना मिठाचा वास असतो आणि मन तृप्त असते. आपल्या मागे किनाऱ्यावर चाकांच्या खुणा व कचरा राहिला नाही आणि दोघेही सुखरूप परतले, तर ही सहल सफल झाली असे म्हणावे. फिरते घर आपल्याला समुद्राच्या दारापर्यंत नेते. त्या दारात कोणत्या वेळी उभे राहावे आणि केव्हा मागे सरावे, हे मात्र समुद्राच्या घड्याळाकडे पाहूनच ठरवावे लागते. पाण्याचे मोल जाणणाऱ्या खारपाणपट्ट्यातील माणसाला ही शिस्त अवघड जाणार नाही. येत्या हिवाळ्यात आपल्या भागातील अधिकाधिक दांपत्यांनी पुरेशी पूर्वतयारी करून हा आनंद अवश्य घ्यावा.